कोरीची अंडी फुटतात, पण पिल्लं दहा-बारा दिवसांत मरतात: खान्देशात हे पुन्हा पुन्हा का होतं आणि काय तपासायचं

घरच्या टँकमध्ये ब्राँझ किंवा पेपर्ड कोरी (कोरीडोरस, तळाला राहणारा छोटा शोभेचा मासा) पाळणाऱ्यांची आपल्याकडची तक्रार एका ओळीत मावते: "भाऊ, अंडा देस, पन पिल्लं वाचतस नही." काचेवर अंडी दिसतात, निम्मीशिम्मी पांढरी पडतात, उरलेली फुटतात. चार-पाच दिवस तळाला बारीक पिल्लं वळवळताना दिसतात आणि मग आठवडाभरात एकेक करत सगळी जातात. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग कुणीतरी बुरशीचं औषध सुचवतं, कुणी मीठ टाकायला सांगतं, कुणी अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून घालायला सांगतं.

माझं मत स्पष्ट आहे. पिल्लं सरसकट मरतात तेव्हा बहुतेक वेळा रोग हे कारणच नसतं. बोअरचं जड पाणी, खोलीतली उष्णता आणि पिल्लांच्या टँकच्या तळाला साचणारी घाण, ही तीन कारणं एकमेकांत गुंतून येतात. यातल्या एकावरही बाटलीतलं औषध चालत नाही, उलट काही औषधं घाण पचवणारे जिवाणू मारून परिस्थिती आणखी बिघडवतात. म्हणून बाटली बाजूला ठेवा आणि आधी पिल्लं मरताना नेमकं काय होतं ते बघा.

कशी मरतात, यावरून कारण कळतं

संध्याकाळी ठीक होती आणि सकाळी सगळीच्या सगळी गेली, तर तो पाण्याचा झटका आहे. रात्री लाइट जाऊन एअर पंप बंद पडला का, दिवसा पाणी ३२-३३ अंशांवर गेलं होतं का, नळाचं पाणी क्लोरीन न काढता घातलं का, ही तीन कारणं आधी तपासा. पाणी बदलल्यावर तासाभरात पिल्लं गोल फिरायला किंवा आडवी पडायला लागली, तर नव्या-जुन्या पाण्यातला फरक किंवा क्लोरीन भोवलेलं असतं. पण रोज दोन, रोज तीन अशी हळूहळू गळती लागली असेल, तर कारण भूक किंवा तळाची घाण असतं.

भूक की घाण, हे ओळखायला पिल्लाचं पोट बघा. पिल्लू जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं असतं आणि अंगाने जवळजवळ पारदर्शक. खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने धरला की पोटातलं अन्न सरळ दिसतं. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) खाल्लेलं पोट नारिंगी दिसतं, मायक्रोवर्म (बारीक पांढरे जंत) खाल्लेलं पांढुरकं. पोट आत गेलेलं, डोकं मोठं आणि शेपूट दोऱ्यासारखी दिसत असेल, तर पिल्लू उपाशी आहे, मग टँकमध्ये पावडर कितीही तरंगत असो. पोट गच्च भरलेलं असूनही पिल्लं मरत असतील, तर पाणी आणि तळ तपासा. ही एक तपासणी रोज केली तरी अर्धा गोंधळ मिटतो.

अंडी पांढरी पडणं: यात फार अडकू नका

कोरीचं मीलन बघण्यासारखं असतं. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते आणि दोघं काही क्षण तसेच थांबतात. मादी पोटाखालचे दोन पर जोडून ओंजळ करते, त्यात मोजकी अंडी सोडते आणि पोहत जाऊन काचेची जागा तोंडाने साफ करून अंडी तिथे दाबून चिकटवते. १९९५ साली जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर प्रयोग करून दाखवलं की मादी नराचं वीर्य पिते आणि ते तिच्या आतड्यातून जाऊन ओंजळीतल्या अंड्यांपर्यंत पोचतं. म्हणजे प्रत्येक खेपेला नर तयार हवा. एकच नर असेल, तोही कोवळा, तर शेवटी घातलेली अंडी फलित होत नाहीत. एका मादीमागे दोन नर ठेवा. वरून बघितलं की मादी रुंद आणि गोलसर दिसते, नर सडपातळ.

फलित न झालेलं अंडं पहिल्या दिवसातच दुधी पांढरं होतं, मग त्यावर कापसासारखी बुरशी चढते. बुरशी मेलेल्या अंड्यावर आधी येते आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरते. जिवंत अंडं हळूहळू मधाळ तपकिरी होतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. पांढरी अंडी नखाने किंवा ड्रॉपरने रोज काढून टाका, एवढं पुरतं.

मोठे मासे अंडी खातात, त्यामुळे अंडी वेगळी काढावीच लागतात. घातल्यानंतर दोन-तीन तास थांबा, कवच कडक होऊ द्या. मग बोटाच्या टोकाने हलकेच लोळवत काचेवरून सोडवा, किंवा जुनं प्लॅस्टिकचं कार्ड वापरा. त्याच टँकचं पाणी भरलेल्या डब्यात ठेवा आणि जवळ एअर स्टोनचे बुडबुडे सोडा, पण अंडी उडतील इतक्या जोरात नको.

मेथिलिन ब्लू हे बुरशीचं औषध वापरायचंच असेल तर पाणी फिकट आकाशी दिसेल इतपतच, आणि फक्त या डब्यात. पिल्लं जिथे वाढवायची तिथे ते अजिबात नको, कारण फिल्टरमधले अमोनिया (घाणीतून तयार होणारं विष) पचवणारे जिवाणू त्याने मरतात. अंडी वाचवायला घातलेलं निळं औषध आठवड्याने पिल्लं मारतं ते असं. माझी पसंती देशी बदामाच्या पानाला आहे. शाळांच्या आवारात, तहसीलबाहेर, बसस्टँडवर ही झाडं आहेतच. झाडावरून आपोआप गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान घ्या, फवारणी होत असलेल्या बांधावरचं नको. धुऊन एक लहान तुकडा डब्यात टाका. पाणी चहासारखं पिवळसर होतं, बुरशी कमी होते आणि त्या पानावर जी सूक्ष्म जीवसृष्टी वाढते तिला पिल्लं पहिले काही दिवस कुरतडत राहतात.

२४-२६ अंशांना अंडी साधारण तीन ते पाच दिवसांत फुटतात.

खरी लढाई: फुटल्यापासूनचे पहिले पंधरा दिवस

फुटलेल्या पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते आणि पहिले दोन-तीन दिवस ते त्यावरच जगतं. या दिवसांत काहीही खायला घालू नका. उत्साहाने घातलेली पावडर कुणी खात नाही, ती तळाला बसते, सडते आणि चौथ्या दिवशी पिल्लं खायला तयार होतात तेव्हा तळ आधीच नासलेला असतो.

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायची पद्धत आपल्याकडे खूप चालते. कोरीसाठी मी ती सुचवणार नाही. गप्पीसारखी पिल्लं पाण्यात तरंगता बलक टिपतात. कोरीचं पिल्लू तळाला बसून खातं, आणि तळाला बसलेला बलक काही तासांत आंबतो.

चौथ्या दिवसापासून मायक्रोवर्म सगळ्यात सोयीचे. ते बुडतात, तळाला वळवळत राहतात आणि गोड्या पाण्यात बराच वेळ जिवंत असतात. ओट्सची किंवा पिठाची दाट पेज थंड करून डब्यात पसरा, ज्वारीचं पीठही चालतं, चिमूटभर यीस्ट आणि आधीच्या डब्यातला चमचाभर साठा घाला, झाकणाला बारीक भोकं पाडा. आठवड्यात जंत डब्याच्या कडांवर चढतात, ते बोटाने पुसून घ्यायचे, पेज पाण्यात जाऊ द्यायची नाही. उन्हाळ्यात हा डबा लवकर नासतो, म्हणून पाण्याच्या माठाजवळच्या गार जागेत ठेवा आणि दोन डबे वेगवेगळ्या दिवशी लावा. एक नासला तरी दुसरा हाताशी राहतो.

आर्टेमियाने पिल्लं झपाट्याने वाढतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, सतत हवा, २६-२८ अंश तापमान, आणि साधारण एका दिवसात त्याची अंडी फुटतात. कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, कवचं जाऊ देऊ नका. मात्र आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला जीव आहे, गोड्या पाण्यात काही तासांतच मरतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच घाला आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्या. उरलेला काढा. आर्टेमिया आणलेल्या पहिल्याच आठवड्यात ज्यांची पिल्लं जातात, त्यांच्या टँकमध्ये बहुतेक वेळा तळाला नारिंगी थर बसलेला असतो.

आता तळाबद्दल, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त पिल्लं तिथेच जातात. काचेचा मोकळा तळ स्वच्छ दिसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. दोन बोटं तळावर फिरवून बघा. बुळबुळीत, शेवाळल्यासारखं लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे. कोरीचं पिल्लू दिवसरात्र पोट टेकून त्याच थरावर पडलेलं असतं. आधी मिशा झिजतात, मग पोटाच्या परांच्या कडा विरतात, मग पिल्लू खायचं थांबतं. लोक याला फिन रॉट (पर कुजण्याचा रोग) म्हणतात आणि औषध आणायला धावतात.

उपाय रोजच्या कामाचा आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही. एअर पंपाची बारीक नळी घ्या, तिच्या टोकाला कडक स्ट्रॉ लावा, पाणी पांढऱ्या मगात ओढा. पांढरा मग मुद्दाम सांगतोय, कारण नळीतून एखाददुसरं पिल्लू ओढलं जातंच आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं, मग ड्रॉपरने परत सोडता येतं. तळाचा प्रत्येक इंच ओढून घ्या, मग स्वच्छ बोटाने किंवा स्पंजच्या तुकड्याने काच पुसा आणि जे उडेल तेही ओढा. तळाला अगदी पातळ, दोन-तीन मिलिमीटर, बारीक वाळू घातली तरी फरक पडतो, पिल्लं ती चाळत खातात आणि थर एकसंध बसत नाही. वाळू नदीची चालेल, पण आधी धुऊन तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून बघा. आपल्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे असतात. फस्स करून बुडबुडे आले, तर ती वाळू पाणी आणखी जड करत राहणार.

पिल्लांच्या टँकला २० ते ३० लिटर पुरतात. पाण्याची उंची सुरुवातीला दहा-बारा सेंटिमीटर ठेवा. फिल्टर साधा स्पंजचा, पण नवाकोरा नको. मोठ्या माशांच्या टँकमध्ये तो महिनाभर आधीपासून चालू ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू वसलेले असतात. ही तयारी अंडी दिसल्यावर सुरू करून उपयोग नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट साय दिसली तर तीही काढा. वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर टेकवून उचलला की साय त्याला चिकटून येते. बुडबुडे थोडे वाढवले की पुन्हा लवकर जमत नाही.

पाणी: जळगावचं, बोअरचं आणि टाकीतलं

जळगाव शहरात वाघूर धरणाचं पाणी येतं, तर अनेक गावांत बोअरवर भागवावं लागतं. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात बोअर खोल गेलेत आणि पाणी जड आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर फार महाग नसतो, तो घ्याच. बोअरच्या पाण्यात त्याने ७००-८०० दाखवणं आपल्याकडे नवलाचं नाही. मोठ्या कोरी अशा पाण्यात वर्षानुवर्षं जगतात, पण अंडी फलित होण्याचं प्रमाण घटतं असा अनुभव आहे, आणि पिल्लांना हे पाणी सोसत नाही.

घरात आरओ असेल तर हिशेब सोपा आहे. बोअरचं ८०० टीडीएसचं एक बादली पाणी आणि आरओचं ४० टीडीएसचं तीन बादल्या मिसळलं तर २३० च्या आसपास येतं. दोनशे ते अडीचशे चालेल. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) धरून ठेवायला काहीच नसतं, तो अचानक घसरतो. आरओच्या नळीतून वाहून जाणारं पाणी तर अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात. बाथरूमसाठी बसवलेल्या सॉफ्टनरनेही हे काम होत नाही, तो चुन्याच्या जागी सोडियम देतो, मीटरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो.

पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी उत्तम. पहिले दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्या, गच्ची धुऊन निघू द्या, मग साठवा. गंजक्या पत्र्यावरचं किंवा कबुतरं बसतात तिथलं नको.

बोअरचं ताजं पाणी सरळ टँकमध्ये ओतायचं नाही. ते जमिनीच्या पोटातून येतं तेव्हा त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. एक दिवस बादलीत एअर स्टोन लावून ठेवलं की ते स्थिरावतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात नदी गढूळ झाली की नगरपालिका ते वाढवते, कधी नळ सोडला की वासच येतो. क्लोरीन काढणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे प्रमाणात वापरा किंवा हवा लावून एक दिवस थांबा. जिथे आठ-आठ दिवसांनी नळ येतो तिथे ही अडचण उलटी असते, साठवलेलं पाणी तयार असतं, फक्त ते झाकून ठेवा, म्हणजे त्यात डासांची अंडी होणार नाहीत.

याहून सोपी पद्धत अशी: पिल्लांच्या टँकला नवं पाणी देऊच नका. रोज पाव भाग पाणी काढा आणि तेवढंच पाणी मोठ्या माशांच्या टँकमधून घ्या. तापमान, टीडीएस, पीएच सगळं जुळलेलं असतं. नवं पाणी मोठ्या टँकमध्ये जातं, तिथले मासे बदल पचवतात.

अमोनियाबद्दल एवढं लक्षात असू द्या. टेस्ट किटचा रंग सारखाच आला तरी त्याचा अर्थ प्रत्येक घरी सारखा नसतो. पीएच ७ आणि २५ अंश असताना एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८.२ आणि ३० अंश झालं की तोच भाग ११ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास वीसपट. आपल्या बोअरच्या पाण्याचा पीएच अनेकदा ८ च्या वर असतो. पुण्यात किंवा कोकणात कुणी सांगितलं की थोडा अमोनिया चालतो, तर ते त्यांच्या पाण्यापुरतं खरं असेल. आपल्याकडे किटचा पहिला हिरवा रंग दिसला की त्याच दिवशी पाणी बदला आणि खाणं अर्धं करा.

उष्णता, आणि मोठे मासे आपल्याला कसे फसवतात

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. घरात, भिंतीला लागून ठेवलेल्या टँकचं पाणी ३३-३४ अंशांपर्यंत चढतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६, ३५ ला ६.९. वर गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो.

मोठी कोरी मध्येच झपकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येते हे सगळ्यांनी बघितलंय. ती हवा गिळून आतड्यातून श्वास घेते, म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असतानाही तग धरते. आपण मोठे मासे खेळताना बघतो आणि पाणी ठीक आहे असं धरून चालतो. नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला ही सोय नसते. त्याच पाण्यात आई-बाप मजेत असतात आणि पिल्लं गुदमरतात.

पेपर्ड कोरी तर मुळात थंड पाण्याची. अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधल्या नद्यांतला हा मासा, १८ ते २३-२४ अंशांत खूश असतो. डार्विनच्या बीगल जहाजावरच्या सफरीत तो गोळा केला गेला आणि १८७८ साली पॅरिसमध्ये त्याची टँकमध्ये पैदास झाली. घरच्या पैदाशीसाठी तो इतका जुना आणि सोपा आहे, पण पॅरिसच्या हवेत सोपा. २०२४ मध्ये कोरीडोरसचं वर्गीकरण बदललं, आता याचं शास्त्रीय नाव होप्लिसोमा पॅलिएटम झालंय. शोधताना दोन्ही नावं बघा, माहिती दोन्हीकडे विखुरलेली आहे. ब्राँझ कोरीला २२ ते २६ अंश मानवतात. आपल्याकडच्या उन्हाला त्यातल्या त्यात तोंड देते ती स्टरबाय कोरी, ती २८ पर्यंत बरी राहते, मात्र महाग असते.

टँक गार ठेवायचे जे उपाय खरंच चालतात ते असे. टँक खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, शक्यतो जमिनीजवळ. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा. आपली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की नुसत्या पंख्याने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. कूलर चालणाऱ्या खोलीत टँक असेल तर आणखी चांगलं. पण पंख्याने पाणी झपाट्याने उडतं आणि क्षार मागे राहतात. उडालेल्या पाण्याची भरती बोअरच्या पाण्याने करत गेलात तर पंधरा दिवसांत टीडीएस कुठच्या कुठे पोचतो. भरती फक्त आरओच्या पाण्याने करा. टँकमध्ये बर्फाची बाटली सोडायची पद्धत मला मान्य नाही, दुपारी पाणी सहा अंश उतरतं आणि संध्याकाळी परत चढतं, त्या चढउतारानेच पिल्लं खचतात.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापलेलं असतं. पाणी बदलायचं असेल तर पहाटे, आणि तेही रात्रभर मातीच्या रांजणात ठेवलेलं. रांजण झिरपतो, बाष्पीभवन होतं, आणि पाणी खोलीपेक्षा बरंच गार राहतं. हाच रांजण पुढे अंडी घालायला लावण्यासाठीही कामी येतो.

लाइट जाते तेव्हासाठी एअर पंप इन्व्हर्टरवर जोडा. छोट्या पंपाला तीन-चार वॅटच लागतात, रात्रभर चालला तरी इन्व्हर्टरला जाणवत नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलट झडप बसवा, नाहीतर पंप बंद पडला की टँकचं पाणी नळीतून उलटं खाली येतं.

पैदास कधी घ्यायची

एप्रिल-मे-जूनमध्ये पिल्लं वाढवायचा हट्ट धरू नका. या महिन्यांत मोठे मासे जगवणं एवढंच काम आहे. त्यांनी अंडी घातली तर घालू द्या.

निसर्गात कोरी पावसाळा सुरू झाला की अंडी घालते: गार, मऊ पाणी येतं, हवेचा दाब उतरतो. आपल्याकडे जुलैच्या मध्यापासून नेमकं हेच घडतं. आधीचे दोन आठवडे चांगलं खाऊ घाला, बारीक चिरलेलं गांडूळ, गोठवलेले ब्लडवर्म. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स जंत टाळा, त्यांच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही. मग आभाळ भरून आलेल्या दिवशी संध्याकाळी निम्मं पाणी काढून तीन-चार अंश गार, कमी टीडीएसचं पाणी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी बघायला जा. एकदा जमलं नाही तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करा.

माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पंख्याचा फारसा उपयोग होत नाही आणि ऑक्टोबरचं ऊन पुन्हा चटका देतं. दिवाळीनंतर मात्र पाणी आपोआप २०-२४ वर येतं, अमोनियाचा धोका उतरतो, मायक्रोवर्मचे डबे टिकतात. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार होतात. पेपर्डला त्याची तक्रार नसते. ब्राँझच्या पिल्लांसाठी ३०-४० लिटरच्या टँकला ५० वॅटचा हीटर २४ वर लावा, म्हणजे दिवसरात्रीचा फरक कमी राहतो.

त्यापुढे

पंधरा दिवस निभावले की पिल्लाचे पर नीट आकार घेतात, ठिपके दिसायला लागतात, महिन्याभरात ते छोटी कोरी दिसू लागतं. मग बारीक चुरलेली बुडणारी गोळी चालते. या टप्प्यावर मरतुक पुन्हा सुरू झाली तर कारण बहुतेक वेळा गर्दी असतं. तीस लिटरमध्ये शंभर पिल्लं वाढत नाहीत. वेळेत दोन टँकमध्ये वाटा. दोन सेंटिमीटरची झाली की मोठ्यांबरोबर सोडा.

पकडताना जाळी नको. कोरीच्या परांना टोकदार काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना पर फाटतो. प्लॅस्टिकच्या मगाने पाण्यासकट उचला. कुणाला द्यायची असतील तर एका पिशवीत खूप कोंबू नका. घाबरलेली कोरी अंगातून विषारी स्राव सोडते आणि लहान पिशवीत त्यानेच सगळी मरू शकतात. प्रवासाला निघायच्या आधी त्यांना तासभर बादलीत ठेवा आणि पिशवीत ताजं पाणी भरा. पाण्यावर फेस दिसला तर वाटेत पाणी बदला.

पिल्लं जास्त झाली म्हणून तापी, गिरणा, पांझरेत किंवा गावच्या तलावात सोडू नका. सकर माशांनी अशाच सोडण्यातून देशातल्या किती पाण्यांत ठाण मांडलंय ते आपण बघतोय. ओळखीच्या माणसांना द्या, दुकानात द्या, नाहीतर पुढच्या वेळी अंडी मोठ्या माशांजवळच राहू द्या, ते खाऊन टाकतात.